समारंभासाठी फोटो बूथ निवडताना: आधी पाहुणे, मग मशीन

लग्नाची तारीख ठरते, कार्यालय मिळतं, केटरर पक्का होतो आणि मग घरातली तरुण मंडळी एक रील दाखवतात. गोल चौथरा, भोवती गरगर फिरणारा कॅमेरा, हवेत उडणाऱ्या पाकळ्या. ‘आपल्याकडेही हेच हवं.’ लगेच फोन होतो, भाव कळतो, इसारही दिला जातो. लग्नाच्या दिवशी त्या चौथऱ्यावर नवरा-नवरीचे मित्रमैत्रिणी मनसोक्त नाचतात आणि उरलेली तीनशे माणसं लांबून बघून जेवायला जातात. गावाहून रात्रभर प्रवास करून आलेल्या आत्याच्या हातात मात्र त्या दिवसाचं काहीच पडत नाही.

म्हणून फोटो बूथची, म्हणजे समारंभात पाहुण्यांनी येऊन फोटो काढून घ्यायच्या त्या कोपऱ्याची, निवड दुसऱ्या टोकाकडून करावी असं माझं ठाम मत आहे. कोण येणार, काय नेसून येणार, गर्दी नेमकी कधी उसळणार आणि पाहुण्याने जाताना काय घेऊन जावं, हे आधी ठरवायचं. मशीन सगळ्यात शेवटी. त्याच क्रमाने पुढे जाऊ. उदाहरणं महाराष्ट्रातल्या लग्नाकार्यांची घेतली आहेत, पण हिशेब वाढदिवसाला, सोसायटीच्या गणेशोत्सवाला किंवा कंपनीच्या स्नेहसंमेलनालाही तोच लागू होतो.

पहिली पायरी: पाहुण्यांची यादी घेऊन बसा

निमंत्रणाची यादी समोर ठेवा आणि ढोबळ तीन गट पाडा: साठीच्या पुढचे, मधल्या वयाचे, तरुण आणि मुलं. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि निम्मा निर्णय इथेच होतो.

सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा असेल तर उत्सवमूर्ती ऐंशीच्या पुढची आणि त्यांचे स्नेहीही त्याच वयाचे. त्यांना चौथऱ्यावर चढवायचं नाही, पडदा सरकवून अरुंद बाकावर बसवायचं नाही. इथे हवा उघडा बूथ, म्हणजे फक्त मागे पडदा असलेला, मध्ये हात टेकायला दांड्या असलेली भक्कम खुर्ची, खाली सतरंजीच्या दुमडलेल्या कडा नाहीत आणि दोन मिनिटांत हातात छापील फोटो. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा असून गॅलरी उघडता येत नाही, त्यांच्यासाठी क्यूआर कोडचा काय उपयोग? कागदावरचा फोटो मात्र देवघराशेजारच्या कपाटाच्या काचेत खोचला जातो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

संगीत असेल, कॉलेजचा मेळावा असेल तर गणित नेमकं उलटं. तिथे छापील फोटो खुर्चीवर विसरून जातात, पण व्हिडिओ रात्रीच्या रात्री स्टेटसला लागतो. ३६० अंशांचा, म्हणजे चौथऱ्याभोवती कॅमेरा फिरणारा, बूथ शोभतो तो इथे.

मुंजीत मुलं खूप. मुलं फोटो काढायला पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे प्रिंटची संख्या भराभर वाढते, आणि कॅमेरा मोठ्यांच्या उंचीला बांधलेला असला तर त्यांच्या फक्त टाळक्यांचे फोटो निघतात. खालीवर होणारा स्टँड आहे का, हे मुद्दाम विचारा.

हळदीचा कार्यक्रम तर वेगळाच. सगळ्यांचे हात माखलेले. टच स्क्रीनवर बोट ठेवलं की पुढच्याला स्क्रीनवर पिवळा धब्बा दिसतो, पांढरा पडदा तासाभरात खराब होतो आणि तेल-हळदीच्या पावलांनी गुळगुळीत चौथऱ्यावर चढणं धोक्याचं. हळदीला उघडाच बूथ घ्या, रंगीत किंवा झेंडूचा पडदा लावा आणि बटण दाबण्याचं काम ऑपरेटरकडे ठेवा.

दुसरी पायरी: गर्दीचा हिशेब कागदावर मांडा

बूथवाले साधारणपणे तासांवर भाडं सांगतात: तीन तास, चार तास. पण आपल्याकडच्या लग्नात बूथला खरं काम असतं ते त्यातल्या मोजक्या वेळात. मुहूर्त दुपारी साडेबाराचा धरा. बाराच्या आधी लोक येतच असतात. मंगलाष्टकं चालू असताना बूथकडे कुणी फिरकत नाही, फिरकूही नये. अक्षता पडल्या की लोंढा दोन वाटांनी जातो: एक स्टेजवर भेटायला, दुसरा जेवणाकडे. पुढचा तास-दीड तास बूथचा. त्यानंतर लोक परतीची गाडी गाठायच्या घाईत असतात.

आता त्या दीड तासात किती माणसं उरकतील ते बघा. उघड्या बूथला एका गटाला उभं राहणं, आकडे मोजणं, तीन पोझ आणि बाहेर पडणं यासाठी दीड मिनिट धरलं तर तासाला चाळीस गट होतात. सरासरी चारजण धरले तर १६० माणसं, दीड तासात २४०. ३६०च्या चौथऱ्यावर चढणं, कपडे सावरणं, पंधरा सेकंदांची फेरी, उतरणं, पुढच्याची तयारी हे सगळं धरून तीन मिनिटं लागतात. तासाला वीस गट, एका वेळी दोघं-तिघं, म्हणजे जेमतेम पन्नास माणसं. पडदा सरकवून आत बसायचा बंद बूथ या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतो.

चारशे पाहुण्यांच्या दुपारच्या लग्नात एकटा ३६० बूथ ठेवला तर बहुतेकांच्या वाट्याला तो येणारच नाही, हे या आकड्यांतच दिसतं. ऐंशी माणसांच्या संध्याकाळच्या संगीताला तोच पुरून उरतो. हा हिशेब तुमच्या कार्यक्रमाच्या वेळा घालून एकदा करा. विक्रेता तो करून देणार नाही.

तिसरी पायरी: प्रकार समजून घ्या

उघडा बूथ म्हणजे मागे पडदा, पुढे कॅमेरा, दिवा आणि प्रिंटर. दिसायला साधा, पण आपल्या समारंभांना सर्वांत जास्त जमणारा. आपल्याकडे फोटो काढायला दोघं येत नाहीत, ‘अहो, सगळ्यांना बोलवा’ म्हणत बाराजण येतात. आठ फूट रुंदीच्या पडद्यासमोर सहा ते आठ माणसं नीट मावतात, दोन रांगा केल्या तर थोडी जास्त. त्यासाठी कॅमेरा सात-आठ फूट मागे हवा. जागा कमी असली की काही बूथवाले कॅमेरा जवळ ठेवून अतिरुंद लेन्स लावतात. मग मधली माणसं ठीक दिसतात आणि कडेच्या काकू आहेत त्याच्या दीडपट रुंद. नमुन्याचे फोटो मागाल तेव्हा दोघांचे नको, दहाजणांचे मागा आणि कडेचे चेहरे बघा.

बंद बूथ हा मूळ प्रकार. अनातोल जोसेफो यांनी १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘फोटोमॅटन’ सुरू केलं तेव्हा पंचवीस सेंटात आठ फोटोंची पट्टी साधारण आठ मिनिटांत बाहेर यायची. पडदा सरकवला की आतले दोघं आणि कॅमेरा, एवढंच जग. लाजरी माणसं इथे खुलतात, हे त्याचं मोठं बळ. चारचौघांत कधी एकमेकांच्या खांद्यावर हात न ठेवलेलं जोडपं आत गेल्यावर ठेवतं. पण मे महिन्यात आत पंखा नसेल तर भट्टी होते, दोन-तीन माणसांपलीकडे जागा नसते आणि व्हीलचेअर आत जात नाही. तीस-चाळीस जणांच्या घरगुती कार्यक्रमाला, लग्नाच्या वाढदिवसाला हा प्रकार सुरेख.

मिरर बूथ म्हणजे माणसाच्या उंचीचा आरसा. बहुतेक वेळा कॅमेरा काचेमागे असतो आणि काचेवरच सूचना उमटतात. नऊवारीचा काष्टा, पैठणीच्या पदरावरचे मोर, हे सगळं डोक्यापासून पायापर्यंत दिसायला हवं असेल तर हा प्रकार खरोखर चांगला. ज्यांनी सहा महिने आधी विणकराकडे साडी सांगितली, त्यांना कमरेपर्यंतच्या फोटोत काय मिळणार? मात्र अर्धपारदर्शक काच प्रकाश खाते, त्यामुळे फ्लॅश दमदार लागतो. तो कमी पडला तर फोटो मरगळलेले येतात. शिवाय आरसा जड आणि नाजूक. कार्यालय पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट फक्त माणसांपुरती असेल तर आधी सांगून ठेवा.

३६० अंशांच्या बूथबद्दल सुरक्षेचं आधी बोलायला हवं. चौथऱ्याचा व्यास साधारण ऐंशी सेंटिमीटरपासून सव्वा मीटरपर्यंत असतो आणि त्याच्याभोवती कॅमेऱ्याचा दांडा फिरतो. दोघा-तिघांना लहान चौथरा चालतो, चौघा-पाचजणांना मोठाच हवा. भोवती निदान दहा बाय दहा फूट मोकळी जागा लागते, बारा बाय बारा असेल तर उत्तम. आपल्या कपड्यांत लोंबणाऱ्या गोष्टी फार: पदर, ओढणी, उपरणं, शेला. दांडा सुरू होण्याआधी पदर खोचला आहे, उपरणं गळ्याशी घेतलं आहे, हे बघायला एक माणूस चौथऱ्यापाशीच हवा. तो लॅपटॉपमागे बसून चालणार नाही. भोवती दोरी किंवा कठडा हवा, कारण फिरणारी वस्तू दिसली की चार वर्षांचं मूल तिकडे धावणारच. यात तडजोड करू नका. हा बंदोबस्त ठेवायला विक्रेता का कू करत असेल तर दुसरा शोधा.

ग्रीन स्क्रीनच्या बूथमध्ये मागे हिरवा पडदा असतो आणि सॉफ्टवेअर तो हिरवा रंग पुसून तिथे रायगड, आयफेल टॉवर, हवं ते चित्र घालतं. पण सॉफ्टवेअरला पडदा आणि चुडा यांतला फरक कळत नाही. आपल्या नवरीच्या हातात हिरवा चुडा, अंगावर बऱ्याचदा हिरवा शालू. डोहाळजेवणात तर हिरवी साडीच नेसवतात. मग फोटोत मनगटाच्या जागी बुरुजाचे दगड आणि पोटाच्या जागी आकाश उमटतं. मराठी लग्न आणि डोहाळजेवण या दोन्हींसाठी हिरवा पडदा सरळ नाकारा. निळा पडदा मागता येतो, पण त्या दिवशी कुणीतरी निळं नेसून येतंच. पडद्याशिवाय पार्श्वभूमी कापणारी नवी सॉफ्टवेअर्सही आली आहेत. ती वापरणार असतील तर मोकळे केस आणि गजरा असलेला नमुना फोटो मागा, कारण कापणी फसते ती नेमकी तिथे. कंपनीच्या कार्यक्रमाला, जिथे पोशाख ठरलेला असतो, तिथे ग्रीन स्क्रीन मजेत चालतो.

आयपॅड बूथ म्हणजे एका स्टँडवर आयपॅड आणि भोवती गोल दिवा. स्वस्त, हलका, कोपऱ्यात मावतो. प्रिंट बहुतेक वेळा नसते. फोटो मोबाइलवर जातो. वाढदिवसाला, बारशाला पुरेसा आहे. फक्त उघड्यावर दुपारी ठेवू नका: ॲपल कंपनी आयपॅड ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरायला सांगते. एप्रिलच्या उन्हात लॉनवर तो आधी अंधूक होतो, मग तापमानाची सूचना दाखवून काम थांबवतो.

इन्स्टॅक्स कॅमेऱ्यांचा, म्हणजे फोटो लगेच कागदावर देणाऱ्या कॅमेऱ्यांचा, टेबल हा प्रकार पन्नासेक माणसांच्या आत असाल तर विचारात घ्या. टेबलावर दोन कॅमेरे, फिल्मची पाकिटं, डिंक, पेन आणि एक वही. पाहुणा फोटो काढतो, वहीत चिकटवतो, खाली दोन ओळी लिहितो. मिनी फिल्मवरचं चित्र ६२ बाय ४६ मिलिमीटरचं, एका पाकिटात दहा फोटो, आणि रंग पूर्ण उमटायला दीडेक मिनिट लागतं. साध्या मॉडेलमध्ये डिजिटल प्रत उरत नाही: जो कागद हातात आला तोच एकमेव. फिल्मला चाळीस अंशांपुढचं तापमान मानवत नाही, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात पाकिटं वातानुकूलित खोलीतच ठेवा. प्रत्येक फोटोमागे खर्च जास्त पडतो. पण एखाद्या साठीशांतीला जमलेल्यांच्या अक्षरासकट तयार झालेली ती वही मला कुठल्याही अल्बमपेक्षा मोलाची वाटते.

चौथी पायरी: प्रिंट द्यायची असेल तर प्रिंटर विचारा

बूथचं नाव, दिवे, सजावट याबद्दल सगळे बोलतात. प्रिंटरबद्दल कुणी विचारत नाही, आणि रांग अडते ती तिथेच.

बूथला चांगला तो डाय सब्लिमेशन प्रिंटर. त्यात शाईचे थेंब नसतात. उष्णतेने रिबनवरचा पिवळा, किरमिजी आणि आकाशी रंग एकामागोमाग कागदात उतरतो आणि वरून पारदर्शक थर बसतो. त्यामुळे फोटो बाहेर येतो तो कोरडाच. सरबताचा ओला हात लागला तरी रंग पसरत नाही. इंकजेटचं तसं नसतं.

वेगातला फरक फार मोठा आहे. डीएनपीसारख्या कंपन्यांचे इव्हेंटसाठी बनवलेले प्रिंटर चार बाय सहा इंचांचा फोटो दहा-बारा सेकंदांत देतात, आणि त्यांच्या आरएक्स१ मॉडेलच्या एका रोलमधून सातशे फोटो निघतात. घरगुती वापराच्या ‘कॅनन सेल्फी’ या छोट्या प्रिंटरला त्याच आकाराच्या फोटोला पाऊण मिनिटाच्या आसपास लागतं आणि छत्तीस फोटोंनंतर काडतूस बदलावं लागतं. आता मघाचा हिशेब आठवा: दर दीड मिनिटाला एक गट, प्रत्येकाला एक याप्रमाणे चार प्रती. मोठा प्रिंटर पन्नास सेकंदांत मोकळा होतो. छोट्याला तीन मिनिटं लागतात, म्हणजे पहिल्या अर्ध्या तासातच दहा गट फोटोची वाट बघत ताटकळत उभे. छोट्या प्रिंटरमध्ये कागद चार वेळा आतबाहेर सरकतो. पहिल्यांदा बाहेर डोकावला की घाईतला पाहुणा तो ओढतो आणि प्रिंटर अडकतो. पंचवीस माणसांच्या बारशाला हा छोटा प्रिंटर छान आहे, लग्नाला नाही.

लांब पट्टी हवी असेल तर एक सोय लक्षात ठेवा. चार बाय सहाचा कागद उभा कापला की दोन बाय सहाच्या दोन पट्ट्या होतात. एक पाहुण्याला, एक घरच्यांच्या वहीत. मोठ्या गटांचे चेहरे मात्र पट्टीत तांदळाएवढे दिसतात, तिथे पूर्ण आकाराचाच फोटो घ्या.

‘अनलिमिटेड प्रिंट’ असं कोटेशनमध्ये दिसलं तर अर्थ विचारून घ्या. अमर्याद फोटो काढता येतील, पण प्रत एका गटाला एकच, असा त्याचा अर्थ अनेकदा निघतो. आठजणांत एक प्रत आली की ती ठेवायची कुणी, यावरून रुसवेफुगवे होतात. माणशी एक प्रत, आणि ती लेखी.

पाचवी पायरी: जागा, वीज, नेटवर्क

एकदा कार्यालयात जाऊन या, शक्यतो कार्यक्रमाच्याच वेळी. बूथ कुठे असावा? प्रवेशद्वारापाशी नको. तिथे स्वागत, अत्तर, पेढे यांची गर्दी असते आणि पाहुण्याला आधी आत येऊन यजमानांना भेटायचं असतं. जेवणाच्या हॉलच्या आतही नको. सगळ्यात चांगली जागा स्टेजवरून उतरून जेवणाकडे जाण्याच्या वाटेवर, वाटेच्या कडेला. ताट हातात यायच्या आधी, हात स्वच्छ असताना लोक थांबतात. सनई किंवा डीजेच्या स्पीकरसमोर बूथ आला तर ऑपरेटरचं कुणाला ऐकू येत नाही, तेही बघा.

प्रिंटर आणि फ्लॅशला स्वतंत्र प्लग हवा. केटररच्या कॉफी मशीनच्या बोर्डावर वायर जोडली की प्रिंट अर्ध्यावर थांबण्याची शक्यता वाढते, आणि अर्धवट छापलेला कागद वाया जातो. लॉनवर जनरेटर असेल तर यूपीएसचा आग्रह धरा. मोकळ्या जागेत वारा हा दुसरा शत्रू. पडद्याच्या स्टँडला वाळूच्या पिशव्या बांधलेल्या हव्यात. जूनमधल्या कार्यक्रमाला मांडवाच्या कडेची जागा घेऊ नका. पावसाचा शिंतोडा कॅमेऱ्यापर्यंत येतो.

मोबाइलचं नेटवर्क हा मुद्दा सगळे विसरतात. तळघरातल्या हॉलमध्ये किंवा पाचशे माणसं एकाच वेळी फोन काढून बसलेल्या जागी व्हिडिओ पाठवायला वेळ लागतो. ३६०च्या बूथचा तर सगळा डोलारा त्यावर उभा. बूथवाल्याला विचारा: नेट गेलं तर फोटो साठून राहतात आणि नंतर आपोआप जातात का? हो म्हणाला तर ठीक.

उजेडाबद्दल एवढंच सांगते. गोल दिवा समोरून सरळ लावला की चष्म्याच्या काचांत दोन पांढरी कडी दिसतात, आणि आपल्या घरातली निम्मी ज्येष्ठ मंडळी चष्मेवाली. दिवा थोडा वर आणि बाजूला घेतला, समोर पांढरं कापड लावलं की ती जातात, दागिन्यांची आणि जरीची चकाकीही आटोक्यात येते. आणि कॅमेऱ्यातलं ‘ब्यूटी’ फिल्टर बंद करायला सांगा. ते चेहरे उजळवतं, सुरकुत्या पुसतं. आजीच्या सुरकुत्या पुसून केलेला फोटो आजीचा राहत नाही. माणसं आहेत तशी येऊ द्या, रंगासकट.

सहावी पायरी: फोटोवरचा मजकूर मराठीत, आणि तपासून

फोटोच्या कडेला नावं, तारीख, एखादं चित्र छापतात. मराठीत छापायचं असेल तर बूथच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाइप करू देऊ नका. अनेक सॉफ्टवेअर्समध्ये देवनागरीची जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे सरकते. ‘शर्मिष्ठा’ हे नाव फोटोवर मोडक्या अवस्थेत चारशे वेळा छापलं गेलं तर दुरुस्ती नाही. पत्रिका ज्यांच्याकडे छापली त्यांच्याकडून किंवा देवनागरी जाणणाऱ्या डिझायनरकडून चौकट चित्र स्वरूपात तयार करून घ्या आणि तीच बूथमध्ये घालायला द्या. मग कागदावर एक प्रत काढून घरातल्या शुद्धलेखन जाणणाऱ्या माणसाला दाखवा. स्क्रीनवर बघून होकार देऊ नका: कडेचे दोन-तीन मिलिमीटर छपाईत कापले जातात आणि तारखेतला शेवटचा आकडा जातो.

चौकट जाड करू नका. फोटो माणसांचा आहे, झेंडूच्या तोरणाचा नाही.

हातात धरायच्या पाट्यांचंही तसंच. बाजारातल्या तयार इंग्रजी पाट्यांपेक्षा घरातल्यांना ओळखीच्या वाटतील अशा पाच-सहा मराठी पाट्या लिहून घ्या: ‘मुलाकडचे’, ‘मुलीकडचे’, ‘मामा पक्ष’, ‘करवली मी’. फेटे ठेवणार असाल तर एकच फेटा शंभर डोक्यांवर फिरवू नका. उन्हाळ्यात ते बरं नाही. बांधलेले चार-पाच ठेवा, आत कापडाची पट्टी घाला.

सातवी पायरी: कोटेशन आल्यावर

दोन-तीन ठिकाणची कोटेशनं घ्या आणि आकड्यांची तुलना करण्याआधी प्रत्येकाला हेच प्रश्न विचारा:

- भाड्याचे तास कधीपासून मोजणार? बूथ उभारायला लागणारा तास-दीड तास त्यात आहे का?
- मुहूर्त लांबला तर जादा तासाचा दर काय?
- प्रिंटरचं मॉडेल कोणतं, जादा रोल सोबत असेल का, दुसरा कॅमेरा किंवा प्रिंटर राखीव आहे का?
- सोबत माणसं किती येणार? त्यांच्या जेवणाची सोय आम्ही करायची का?
- वाहतूक, कार्यालयाचं वीजबिल आणि जीएसटी दरात धरलेत की वेगळे?
- सगळे मूळ फोटो आम्हाला मिळणार का, किती दिवसांत आणि कशावर?

दुसरा माणूस असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. एक कॅमेऱ्यापाशी, एक रांगेत. रांगेतला माणूस आजोबांना पुढे घेतो, पुढच्या गटाला आधीच गोळा करून ठेवतो, प्रिंट ज्याची त्याला देतो. याच्या भाड्यात पैसे वाचवू नका.

कार्यालयाच्या व्यवस्थापकांशीही बोला. काही ठिकाणी बाहेरच्या विक्रेत्याला वेगळी परवानगी किंवा शुल्क असतं, काही ठिकाणी सजावटीचा ठेका ठरलेल्या डेकोरेटरकडेच असतो. ३६०च्या बूथसोबत स्पीकर येतो. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, तेव्हा रात्रीच्या लॉनवरच्या कार्यक्रमाची वेळ त्या बेताने आखा.

आणखी एक प्रश्न पाहुण्यांच्या वतीने विचारायचा. फोटो मोबाइलवर पाठवण्यासाठी बूथ नंबर मागतो. त्या नंबरांचं पुढे काय होतं? ते जाहिरातींसाठी वापरले जाऊ नयेत. २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला आहे. शक्य तिथे नंबर न घेता क्यूआर कोडनेच फोटो द्यायला सांगा. गॅलरीला पासवर्ड असावा. आणि तुमच्या घरातल्या मुलांचे फोटो विक्रेत्याने स्वतःच्या जाहिरातीत टाकायचे नाहीत, हे करारात एका ओळीत लिहून घ्या. विश्वासाने तुमच्या मांडवात आलेल्या माणसांची ही जबाबदारी यजमानांची आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी

घरातला एक माणूस बूथसाठी नेमा. वडील नकोत, मामा नकोत, त्यांना शंभर कामं असतात. एखादा चुलतभाऊ किंवा मैत्रीण. बूथ पाहुणे यायच्या तासभर आधी पूर्ण उभा असावा. आठजणांना उभं करून एक फोटो काढा, छापा, कडा आणि चेहरे बघा, मग त्यांतल्याच चष्मा लावणाऱ्या एकाला पुढे घेऊन दुसरा काढा. या दोन फोटोंत दिवा, लेन्स, चौकट, प्रिंटर सगळं तपासून होतं.

मंगलाष्टकांच्या वेळी बूथ बंद ठेवायला सांगा, फ्लॅशसकट. गर्दी ओसरली की नेमलेल्या माणसाने फेरी मारून राहिलेल्यांना बोलवायचं: मुदपाकखान्यात राबणाऱ्या मावश्या, भांड्यांच्या खोलीची किल्ली सांभाळत बसलेले काका, गुरुजी, कार्यालयातली झाडलोट करणारी माणसं. दिवसभर सगळ्यांचं बघणाऱ्या या लोकांचा फोटो बहुतेक अल्बममध्ये नसतो. शेवटचा अर्धा तास बूथ त्यांच्यासाठी राखून ठेवायचा, हे आधीच ठरवून ऑपरेटरला सांगा.

सामान आवरण्याआधी सगळे मूळ फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. ऑनलाइन गॅलरीची मुदत असते. ती किती, हे त्याच वेळी विचारा आणि ज्यांना येता आलं नाही त्यांना लिंक त्या आत पाठवा.